क्रोएशियातले पेपर आणि पत्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएशिया म्हटलं की आपल्याकडे मॉद्रिचचा फुटबॉल आणि दुब्रोवनिकच्या तटबंदीचे फोटो, पुढे फारसं कुणाला काही माहीत नसतं. २०२१ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या जेमतेम ३९ लाख भरली, म्हणजे आपल्या एका मोठ्या शहराहूनही कमी. पण तिथल्या वर्तमानपत्रांचा इतिहास इतका भरगच्च आहे की मी त्यात बरीच वर्षं अडकलोय. ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

तिथला पहिला पेपर कोणता?

कुठल्या भाषेतला विचारताय त्यावर आहे. झाग्रेबमध्ये १७७१ ला एक पेपर निघाला तो लॅटिनमध्ये, मग १७८६ ला जर्मनमध्ये. तेव्हा हा भाग हॅब्सबर्ग साम्राज्यात होता, शिकलेली माणसं लॅटिन नाहीतर जर्मन वाचायची, आणि बाजारात लोक जी भाषा बोलतात तिच्यात बातमी छापावी असं फारसं कुणाला वाटतच नव्हतं. क्रोएशियन भाषेत बातमी पहिल्यांदा आली ती समुद्रकिनाऱ्यावरच्या झादारमध्ये, १८०६ साली, 'क्राल्यस्की दाल्मातिन' नावाच्या पेपरात, तोसुद्धा इटालियन आणि क्रोएशियन असा दोन भाषांत. कारण सरळ होतं, दाल्मातियाचा किनारा तेव्हा नेपोलियनच्या लोकांच्या ताब्यात होता आणि सरकारी हुकूम लोकांना कळायला हवे होते. १८१० ला तो बंद पडला.

ज्याला खऱ्या अर्थाने लोकांचा पेपर म्हणता येईल तो ल्युदेवित गाय या माणसाने झाग्रेबमध्ये काढला, 'नोविने होर्वात्स्के'. पहिल्या अंकाची तारीख ६ जानेवारी १८३५. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चं, म्हणजे बरोबर तीन वर्षं आधी, तोच दिवस! योगायोगच आहे, एकाला दुसऱ्याची काही कल्पना असण्याचं कारण नाही. पण आपण ज्या दिवशी पत्रकार दिन पाळतो तोच दिवस तिकडेही महत्त्वाचा आहे हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

गायच्या पेपरात एवढं विशेष काय होतं? बातम्याच असणार ना?

बातम्या होत्याच, पण खरी गंमत पुरवणीत होती. 'दानित्सा' नावाची साहित्य पुरवणी चार दिवसांनी, १० जानेवारीला सुरू झाली आणि त्याच वर्षी १४ मार्चच्या अंकात अंतुन मिहानोविचची एक कविता छापून आली, तीच पुढे क्रोएशियाचं राष्ट्रगीत झाली. पेपरच्या पुरवणीतून राष्ट्रगीत मिळालेला देश आहे हा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तेव्हा उत्तरेकडचे लोक मजकूर हंगेरियन वळणाने लिहायचे, किनाऱ्यावरचे इटालियन वळणाने, आणि बोली तर तीन. गायने आधीच चेक लिपीवरून डोक्यावर खुणा असलेली अक्षरं घेऊन एक लेखनपद्धती मांडली होती, ती त्याने पेपरात वापरायला घेतली. १८३६ मध्ये तर झाग्रेबच्या आसपासची आपली स्वतःची कायकाव्स्की बोली सोडून जास्त लोकांना समजणारी श्टोकाव्स्की बोली पेपरासाठी घेतली. विचार करा, राजधानीतल्या संपादकाने स्वतःच्या घरची बोली बाजूला ठेवली कारण स्लावोनिया, दाल्मातिया सगळीकडच्या वाचकाला पेपर आपला वाटला पाहिजे. आज क्रोएशियन शाळेत जी प्रमाणभाषा शिकवतात तिचा रस्ता या पेपरातून गेलाय.

पेपरचं नावही बदलून 'इलिरियन' (या भागाचं प्राचीन नाव) केलं, मग १८४३ मध्ये व्हिएन्नाने, म्हणजे सम्राटाच्या सरकारने, तो शब्द वापरायलाच बंदी घातली. मुळात पेपर काढायची परवानगीसुद्धा सम्राटाकडून आणावी लागली होती त्यामुळे सेन्सॉर पहिल्या दिवसापासून सोबतच होता.

तो पेपर आज आहे का?

नाव आहे. 'इलिरियन' शब्द गेल्यावर पेपरचं नाव 'नारोदने नोविने' उरलं, आणि ते आज क्रोएशियाच्या सरकारी राजपत्राचं नाव आहे. संसदेने कायदा केला तरी तो त्यात छापून आल्याशिवाय लागू होत नाही, आणि साधारणपणे छापल्यानंतर आठव्या दिवशी लागू होतो.

झागोर्का कोण? क्रोएशियन पत्रकारितेवर काहीही वाचलं की हे नाव येतंच.

येणारच! मारिया युरिच झागोर्का, जन्म १८७३, तिथली पहिली व्यावसायिक महिला पत्रकार. घरच्यांनी जबरदस्तीने एका हंगेरियन रेल्वे अधिकाऱ्याशी लग्न लावून दिलं, तिथून ती पळाली आणि झाग्रेबला आली. १८९६ मध्ये 'ओब्झोर' या मोठ्या पेपरात तिचा पहिला लेख आला, विषय काय तर क्रोएशियातल्या रेल्वे स्टेशनांवर सगळं हंगेरियनमध्येच का चालतं. म्हणजे पहिल्याच लेखात वर्मावर बोट.

लेख छापला पण बाईला नोकरी द्यायला पेपर तयार नव्हता. शेवटी बिशप श्ट्रोस्मायर, म्हणजे त्या काळातलं फार मोठं प्रस्थ, त्यांनी शब्द टाकला तेव्हा तिला घेतलं, तेही अशा अटीवर की तिने वेगळ्या खोलीत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं नाही, संपादकीय विभागात बाई आहे हे बाहेर कळलं तर पेपरची अब्रू जाईल म्हणून. आणि १९०३ मध्ये बान (म्हणजे राज्यपाल) खुएन हेदरवारीच्या राजवटीविरुद्ध देशभर आंदोलन पेटलं, 'ओब्झोर'चे संपादक तुरुंगात गेले, तेव्हा हाच पेपर पाच महिने एकटीने कुणी काढला? तिनेच. त्याच आंदोलनात बायकांचा मोर्चा काढल्याबद्दल तीही काही दिवस आत होती. नंतर बुडापेस्टच्या संसदेत बसून तिने पाठवलेले वृत्तांत लोक तुटून पडून वाचायचे.

१९१० मध्ये क्रोएशियन पत्रकारांची संघटना, 'हर्वात्स्को नोविनार्स्को द्रुश्त्वो', स्थापन झाली त्यात ती होती. मग तिने पेपरांत क्रमशः कादंबऱ्या लिहायला घेतल्या, झाग्रेबचा जुना वरचा गाव, चेटकीण ठरवून जाळलेल्या बायका, सरदार, कटकारस्थानं, आणि लोक पुढच्या भागासाठी पेपर विकत घ्यायला लागले. समीक्षकांनी याला 'सवंग' म्हणून हिणवलं. मला हे अजिबात पटत नाही. ज्या घरात आधी जर्मनच वाचलं जायचं त्या घरात क्रोएशियन भाषेतला मजकूर तिने नेला, ते काम भल्याभल्या लेखकांना जमलं नव्हतं. १९२५ ला तिने 'झेन्स्की लिस्ट' हे बायकांचं मासिक सुरू केलं, १९३८ ला 'ह्र्वातित्सा', आणि १९४१ मध्ये फॅसिस्ट उस्ताशा सत्तेवर आल्यावर ते बंद पडलं. १९५७ ला ती गेली.

रियेका शहराचा 'नोवी लिस्ट' हा पेपर शंभराहून जास्त वर्षं जुना आहे का?

हो, २ जानेवारी १९००, फ्रानो सुपिलोने रियेकामध्ये सुरू केला. सुपिलो पत्रकार कमी आणि राजकारणी जास्त होता की उलटं, यावर वाद घालता येईल. पण त्या काळी दोन्ही एकच असायचं, आपल्याकडे 'केसरी'चं होतं तसं. रियेका तेव्हा थेट हंगेरीच्या कारभारात होतं. १९०५ मध्ये क्रोएशियन आणि सर्ब पक्षांना जवळ आणणारं जे राजकारण झालं त्यात सुपिलो पुढे होता आणि त्याची सगळी बाजू या पेपरातून मांडली गेली. आजही रियेकाच्या लोकांचा हाच पेपर.

दुसऱ्या महायुद्धात काय झालं?

उस्ताशांच्या राज्यात 'ओब्झोर'सारखे पेपर बंद झाले आणि उरलेले सरकारी भोंगे झाले. त्याच वेळी डोंगरात दुसरी पत्रकारिता चालू होती. 'व्येस्निक' १९४० पासून कम्युनिस्टांचा भूमिगत पेपर होता, 'स्लोबोदना दाल्मात्सिया'चा पहिला अंक १७ जून १९४३ ला स्प्लिटच्या मागच्या मोसोर डोंगरावर पार्टिझन लोकांनी, म्हणजे कम्युनिस्ट छापामारांनी, काढला. ओसियेकचा 'ग्लास स्लावोनिये' आणि इस्त्रियाचा 'ग्लास इस्त्रे' हेही १९४३ चेच. आज जे प्रादेशिक पेपर चहा-कॉफीच्या टेबलावर दिसतात ते असे लढाईत जन्मलेत.

मग युद्धानंतर क्रोएशिया युगोस्लावियाचा भाग होता तेव्हा सगळे पेपर कम्युनिस्ट पक्षाचेच होते का?

जवळजवळ. ऑक्टोबर १९४५ मध्ये शेतकरी पक्षाच्या मारिया रादिच यांनी एक विरोधी साप्ताहिक काढलं, एकच अंक निघाला, पुढचा छापायला छापखान्यातल्या कामगारांनी 'नकार' दिला असं सांगण्यात आलं आणि विषय संपला. छापण्याआधी मजकूर तपासणारा सेन्सॉर नंतरच्या काळात औपचारिकपणे बसलेला नसायचा. संपादक पक्षाचा, त्याला कुठे थांबायचं माहीत, आणि नाही थांबला तर सरकारी वकील अंक जप्त करणार, शिवाय दंडसंहितेचं कलम १३३, 'शत्रुत्वाचा प्रचार', होतंच.

पण म्हणून सगळं कोरडं होतं असं समजू नका, इथे बरेच लोक चुकतात. साठच्या दशकानंतर युगोस्लाविया बाकीच्या कम्युनिस्ट देशांपेक्षा सैल होता. 'व्येस्निक' ही प्रचंड मोठी संस्था झाली, १९७२ चा तिचा टॉवर झाग्रेबमध्ये लांबूनही दिसायचा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला भीषण आग लागली). साप्ताहिक 'व्येस्निक उ स्रियेदू', मुलांची कॉमिक्स छापणारा 'प्लावी व्येस्निक', तरुणांचा 'पोलेत', आणि १९६९ पासून 'स्टार्ट', ज्यात उघड्या बायकांचे फोटो आणि अतिशय गंभीर लांबलचक मुलाखती एकाच अंकात असायच्या. पक्षाच्या बाहेरचं म्हणाल तर कॅथलिक चर्चचं 'ग्लास कोन्त्सिला', १९६२ ला व्हॅटिकन परिषदेच्या बातम्या द्यायला सुरू झालेलं, पुढे साप्ताहिक झालं आणि चर्चच्या दारात विकलं जायचं. ज्यांचा देवावर फारसा विश्वास नाही असे लोकही घ्यायचे म्हणतात.

१९७१ मध्ये क्रोएशियाला जास्त अधिकार मागणारी 'क्रोएशियन वसंत' नावाची चळवळ झाली तेव्हा मातित्सा हर्वात्स्का या सांस्कृतिक संस्थेचा 'हर्वात्स्की त्येदनिक' काही महिने धडाक्यात चालला. डिसेंबरमध्ये युगोस्लावियाचा सर्वेसर्वा टिटोने चळवळ मोडली, पेपर बंद, संपादक व्लादो गोतोवात्स तुरुंगात.

१९९१ ला देश स्वतंत्र झाला, मग तरी पेपर मोकळे झाले असतील?

इथे थांबून सांगावं लागेल कारण दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पहिली, युगोस्लाव सैन्याचा आणि सर्ब गटांचा देशावर खरोखर हल्ला झाला होता. वुकोवार शहराला सुमारे तीन महिने वेढा होता आणि सिनिशा ग्लावाशेविच हा तरुण रेडिओ वार्ताहर तळघरातून रोज बातम्या आणि छोटी छोटी टिपणं वाचत होता. १८ नोव्हेंबरला शहर पडलं, हॉस्पिटलमधून नेलेल्या लोकांना ओव्चारा इथे मारलं त्यात तोही होता, एकतिसाव्या वर्षी. अशा वेळी पत्रकाराने आपल्या लोकांच्या बाजूने उभं राहणं मला समजतं.

दुसरी गोष्ट, सत्तेत आलेल्या राष्ट्राध्यक्ष तुजमन यांच्या सरकारने आणि त्यांच्या पक्षाने या युद्धाच्या आडून पेपर ताब्यात घेतले. बंदीचा हुकूम काढावा लागला नाही, खासगीकरण पुरेसं होतं. 'स्लोबोदना दाल्मात्सिया' तेव्हा चांगला चालणारा, स्वतंत्र बाण्याचा पेपर, १९९३ मध्ये तो सत्तेच्या जवळच्या मिरोस्लाव कुत्ले नावाच्या उद्योगपतीकडे गेला, पत्रकारांनी संप केला, काही उपयोग झाला नाही. पेपर वाटणारी 'तिसाक' ही स्टॉलची साखळीही पुढे कुत्लेच्याच हातात गेली आणि तिने पेपरांचे विक्रीचे पैसे थकवले. स्टॉलवर पेपर विकला जातोय पण पैसा छापणाऱ्याकडे येत नाही, अशाने कुठला पेपर जगेल? दैनिकांमध्ये सरकारच्या हाताबाहेर राहिला तो मुख्यतः रियेकाचा 'नोवी लिस्ट'.

आणि पत्रकारांनीच पत्रकारांवर केलेले वारही विसरू नयेत. डिसेंबर १९९२ मध्ये 'ग्लोबुस' साप्ताहिकाने निनावी लेख छापून पाच लेखिकांना देशद्रोही ठरवलं, स्लावेंका द्राकुलिच, दुब्राव्का उग्रेशिच, येलेना लोव्रिच, वेस्ना केसिच आणि रादा इवेकोविच. गुन्हा एवढाच की युद्धातल्या बलात्कारांकडे फक्त राष्ट्राच्या चष्म्यातून बघायला त्या तयार नव्हत्या. सोबत त्यांची खासगी माहिती तक्ता करून दिली होती, कुठे जन्मल्या, नवरा कुठल्या जातीजमातीचा, मुलं आहेत का. लोकांनी त्यांना 'चेटकिणी' म्हणायला सुरुवात केली. उग्रेशिचने देश सोडला आणि २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमला वारली. यातल्या रादा इवेकोविच भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक आहेत आणि त्यांची डॉक्टरेट दिल्ली विद्यापीठाची. भारतात शिकलेल्या बाईचं नाव त्या यादीत बघून मला फार वाईट वाटतं.

'फेराल ट्रिब्यून' म्हणजे काय प्रकरण आहे?

माझ्या मते विसाव्या शतकातल्या युरोपातला सगळ्यात धाडसी पेपर, आणि हे मी जबाबदारीने लिहितोय.

सुरुवात 'स्लोबोदना दाल्मात्सिया'ची व्यंग्य पुरवणी म्हणून झाली. स्प्लिटच्या लोकांची जीभ तिखट, कुणालाही सोडत नाहीत, मिल्येन्को स्मोयेसारख्या जुन्या पत्रकाराने ती बोली पेपरात आणली होतीच. व्हिक्तोर इवान्चिच, प्रेद्राग लुचिच आणि बोरिस देझुलोविच हे तिघं पोरं ती पुरवणी चालवायचे. १९९३ ला पेपर कुत्लेकडे गेला तेव्हा त्यांनी बाहेर पडून फेराल स्वतंत्रपणे काढायला घेतला. पहिल्या पानावर फोटो जोडून केलेलं चित्र असायचं, आत मात्र कडक शोधपत्रकारिता. तुजमन आणि सर्बियाचा मिलोशेविच एकाच पलंगावर उघडे पडलेत हे त्यांचं १९९३ च्या अखेरचं मुखपृष्ठ फार गाजलं, अर्थ हा की दोघं मिळून बोस्निया वाटून घेतायत. याच सुमारास संपादक इवान्चिचला सैन्यात बोलावणं आलं.

१९९४ मध्ये सरकारने फेरालला अश्लील मासिकांवरचा ५०% कर लावला. घटना न्यायालयाने १९९५ ला तो रद्द केला. मग १९९६ ला कायदा बदलून राष्ट्राध्यक्ष आणि आणखी चार बड्या पदाधिकाऱ्यांचा अपमान केला तर सरकारी वकिलानेच खटला भरायचा अशी सोय केली, आणि पहिले आरोपी कोण तर इवान्चिच आणि मारिन्को चुलिच. तुजमनला यासेनोवात्सच्या छळछावणीत उस्ताशांनी मारलेले लोक आणि युद्धानंतर पार्टिझनांनी मारलेले उस्ताशा सैनिक एकाच जागी पुरायचे होते, त्यावर यांनी सडकून लिहिलं होतं. सप्टेंबर १९९६ ला दोघं निर्दोष सुटले.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते १९९७ चं काम. मिरो बायरामोविच नावाच्या माजी पोलिसाची कबुली त्यांनी छापली, पाक्राच्का पोल्याना इथे सर्ब नागरिकांना कसं मारलं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, सगळा देश आपण फक्त बळी आहोत असं मानत होता, आणि या लोकांनी आपल्याच बाजूने केलेले खून आपल्याच वाचकांपुढे ठेवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पत्रकार संरक्षण समितीने इवान्चिचला पुरस्कार दिला. फेरालचाच ओसियेकचा वार्ताहर द्रागो हेदल, त्याने तिथल्या नागरिकांच्या हत्यांवर वर्षानुवर्षं लिहिलं, धमक्या आल्या तरी थांबला नाही.

फेराल आज वाचायला मिळतो का?

नाही. जून २००८ ला बंद झाला. जाहिराती मिळत नव्हत्या, कर आणि नुकसानभरपाईची देणी साचली होती. तुजमन १९९९ मध्येच गेले होते, सरकारं बदलली, देश युरोपियन युनियनच्या दारात उभा होता, आणि तेव्हा हा पेपर पैशाअभावी संपला.

झाग्रेबमध्ये रेडिओसाठी लाखभर लोक रस्त्यावर आले होते असं ऐकलं, खरं का?

खरं. २१ नोव्हेंबर १९९६. 'रेडिओ १०१' या लोकप्रिय स्टेशनची फ्रिक्वेन्सी दुसऱ्याला द्यायचा निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बान येलाचिच चौक भरून गेला, आकडा लाखाच्या वरच सांगतात. स्टेशन वाचलं. तुजमन राजवटीला झालेला लोकांचा सगळ्यात मोठा विरोध हा, आणि तो एका रेडिओ स्टेशनसाठी.

पत्रकारांवर हल्ले झालेत का?

झालेत. जून २००८ ला 'युतार्न्यी लिस्ट'च्या दुशान मिल्युश या गुन्हेगारी वार्ताहराला त्याच्या घराबाहेर मारहाण करून गंभीर जखमी केलं. चार-पाच महिन्यांत, २३ ऑक्टोबर २००८ ला, झाग्रेबच्या मध्यभागी 'नात्सिओनाल' साप्ताहिकाचे मालक इवो पुकानिच आणि त्यांचे सहकारी निको फ्रान्यिच यांना गाडीजवळ बॉम्ब लावून मारलं. पुकानिच स्वतः वादग्रस्त होते, गुन्हेगारी जगाशी त्यांच्या ओळखीपाळखी होत्या असं सगळेच म्हणायचे. पण राजधानीत भरवस्तीत पेपरवाल्याचा असा खून होतो म्हटल्यावर देश हादरला.

आज मोठे पेपर कुठले आणि मालक कोण?

'वेचेर्न्यी लिस्ट' (१९५९) आणि छोट्या आकाराचा, स्वस्त, फोटोंनी भरलेला '२४ साता' (२००५), हे दोन्ही ऑस्ट्रियाच्या स्टिरिया कंपनीचे. १९९८ चा 'युतार्न्यी लिस्ट' आणि स्प्लिटचा 'स्लोबोदना दाल्मात्सिया' हान्झा मीडियाकडे. म्हणजे दोन घरं मिळून बहुतेक बाजार. 'व्येस्निक' छापील स्वरूपात एप्रिल २०१२ ला संपला. वेबवर २००२ पासूनचं 'इंडेक्स' फार वाचलं जातं, तथ्य तपासणीला 'फाक्तोग्राफ' आहे. तो पत्रकार संघटना आणि गोंग नावाच्या नागरी संस्थेने मिळून सुरू केला.

मालक खासगी असले तर सरकारचं दडपण कमी होतं ना?

सरकारचं होत असेल, जाहिरातदाराचं वाढतं. अॅग्रोकोर ही तिथली अवाढव्य कंपनी, सुपरमार्केट, आइस्क्रीम, मिनरल वॉटर, तेल सगळं तिचं. पेपर विकणारी 'तिसाक'सुद्धा पुढे तिचीच झाली. म्हणजे जाहिरातही तीच देणार आणि तुमचा पेपर विकायचा की नाही हेही तिच्याच स्टॉलवर ठरणार. २०१७ ला कर्जाखाली ही कंपनी कोसळली, सरकारला खास कायदा करावा लागला, तोपर्यंत मोठ्या पेपरांत मालक इवित्सा तोदोरिचबद्दल वाकडा शब्द शोधून सापडत नव्हता. हे मला फेरालवरच्या खटल्यांपेक्षाही जास्त धोक्याचं वाटतं, कारण खटला निदान लोकांना दिसतो.

पत्रकारांवर केसेस खूप असतात म्हणे?

पत्रकार संघटना दरवर्षी मोजते. २०१९ च्या पाहणीत ११६३ केसेस चालू होत्या, २०२३ ला ९४५. वर लोकसंख्या दिलीय, हिशोब करून बघा. केस टाकणाऱ्यांत राजकारणी, उद्योगपती, आणि हो, न्यायाधीशसुद्धा. बऱ्याच केसेस जिंकायला टाकलेल्याच नसतात, वकिलाची फी भरून भरून छोटा पेपर दमला पाहिजे एवढाच हेतू. २०१३ पासून तर असा गुन्हाही होता की छापलेली गोष्ट खरी असली तरी 'बदनामीकारक' म्हणून शिक्षा होऊ शकायची, ते कलम २०२० च्या सुरुवातीला काढलं. मार्च २०१९ ला पत्रकारांनी झाग्रेबमध्ये मोर्चा काढला होता. २०२४ ला तपासातली माहिती फोडणं गुन्हा ठरवणारा कायदा आला, पत्रकारांनी ओरड केल्यावर त्यातून पत्रकारांना वगळलं.

जागतिक यादीत क्रोएशिया कुठे बसतो?

रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या २०२५ च्या यादीत १८० देशांत ६० वा, आदल्या वर्षी ४८ वा होता. भारत १५१ वा. नंबर घसरलाय एवढं खरं, पण असल्या यादीवर मी फार भर देत नाही.

लोक अजून छापील पेपर वाचतात का?

खप खूप पडलाय. तरी कॅफेत पेपर ठेवलेला असतो, एकाच कॉफीवर तासभर बसून चाळतात आणि पुढच्या टेबलाला देतात. प्रादेशिक पेपर टिकायचं एक मोठं कारण म्हणजे निधनाच्या जाहिराती. 'स्लोबोदना' किंवा 'नोवी लिस्ट' उघडला की फोटोंसकट पानंच्या पानं, मग पहिलं वर्षश्राद्ध, पाचवं, दहावं, 'आठवणीत' म्हणून पुन्हा फोटो. म्हातारी माणसं आधी तेच पान काढतात, आपल्याकडे गावाकडचे लोक काढतात तसंच. २००४ पासून पेपरसोबत स्वस्तात पुस्तकं विकायची लाट आली होती, पुस्तकांची दुकानं वैतागली, पण घराघरात चांगली पुस्तकं गेली, मला तरी ते आवडलं. दैनिकांवर व्हॅट ५% आहे, एरवी २५%.

अल्पसंख्याकांचे पेपर आहेत का?

आहेत. रियेकाहून इटालियन भाषेत रोज 'ला वोचे देल पोपोलो' निघतो. सर्ब लोकांच्या राष्ट्रीय परिषदेचं 'नोवोस्ती' साप्ताहिक २००९ च्या अखेरीपासून सर्वसाधारण स्टॉलवर मिळायला लागलं आणि फेरालमधले बरेच लोक तिथे लिहायला गेले. त्यामुळे उजव्या गटांचा त्यावर कायम राग, त्याची प्रत जाहीरपणे जाळण्याचा प्रकारही झालाय.

मी कामाला क्रोएशियाला चाललोय, इंग्रजीत बातम्या कुठे मिळतील?

हल्ली नेपाळ, भारत, फिलिपिन्समधून खूप लोक बांधकाम, हॉटेल आणि डिलिव्हरीच्या कामाला जातात त्यामुळे हा प्रश्न वाढलाय. सरकारी वृत्तसंस्था 'हिना' (१९९० पासून) इंग्रजीतही बातम्या देते, सरकारी रेडिओ-टीव्हीचं 'व्हॉइस ऑफ क्रोएशिया' आहे, शिवाय 'क्रोएशिया वीक' ही साइट. परदेशी कामगारांचे नियम बदलले की आधी इथे कळतं. पण दोन-चार महिन्यांनी भाषा थोडी यायला लागली की तुमच्या शहराचा स्थानिक पेपर बघायला सुरुवात करा. बस बंद, पाणी बंद, कुठे भरती आहे, हे त्यातच येतं.

जुने अंक बघता येतात का?

झाग्रेबच्या राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालयाने जुने पेपर स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत, फुकट. वर्ष आणि पेपरचं नाव टाकून शोधता येतं, भाषा येत नसली तरी गायची पानं, झागोर्काच्या वेळचा 'ओब्झोर' नुसता बघायलाही छान वाटतो. झाग्रेबला गेलात तर डोलात्स बाजाराजवळ झागोर्काचं राहतं घर स्मारक म्हणून जपलंय आणि तिथून पाच मिनिटांवर त्काल्चिचेवा गल्लीत छत्री घेतलेला तिचा पुतळा आहे. घर बघायचं तर वेळ आधी विचारून घ्या.